मैदानाच्या कडेला बसलेली मुलं

खेळाच्या तासाला कुठल्याही शाळेच्या मैदानाशी जरा वेळ उभं राहा आणि चेंडूमागे धावणाऱ्यांऐवजी कडेला बघा. झाडाच्या सावलीत, कंपाउंडच्या भिंतीला टेकून, पाण्याच्या टाकीपाशी काही मुलं बसलेली असतात. खेळणाऱ्यांची घड्याळं, स्वेटर, पाण्याच्या बाटल्या त्यांच्याकडे सांभाळायला दिलेल्या असतात. "सर, पोटात दुखतंय", "मॅडम, आज नको" हे त्यांचं नेहमीचं. आणि आपण मोठी माणसं पटकन सांगून टाकतो, "याला खेळाची आवडच नाही."

आवड नसते असं मूल फार क्वचित भेटतं. बहुतेक वेळा काहीतरी आड आलेलं असतं, आणि ते शोधलं तर सापडतं. पालकांनी आणि शिक्षकांनी ते कुठे शोधायचं, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे 5 ते 17 वर्षांच्या मुलाने रोज सरासरी 60 मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल करायला हवी, आणि आठवड्यातून 3 दिवस हाडं-स्नायू बळकट करणारा व्यायाम. उड्या मारणं, दोरीवरच्या उड्या, चढणं, कुस्ती हे सगळं त्यात आलं. 2016 सालची आकडेवारी सांगते की जगातल्या 11 ते 17 वयाच्या मुलांपैकी 81 टक्के मुलं एवढी हालचाल करत नाहीत, आणि मुलींचं प्रमाण मुलांपेक्षा वाईट आहे. म्हणजे कडेला बसलेलं मूल हा अपवाद नाही. चेंडूमागे धावणारं मूल अपवाद झालं आहे.

पहिली शंका रक्ताची घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21 मध्ये, देशातल्या 15 ते 19 वयाच्या 100 मुलींपैकी 59 मुलींना रक्तक्षय असल्याचं दिसलं. मुलांमध्ये हे प्रमाण 31. आता हे वर्गात नेऊन बघा. दहावीच्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलींच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारं हिमोग्लोबिनच कमी असू शकतं. अशी मुलगी मैदानाला एक फेरी मारते आणि तिच्या छातीत धडधडतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, पिंडऱ्या भरून येतात. दुसऱ्या दिवशी ती पोटदुखीचं कारण सांगते. तिला आळशी म्हणणं अन्यायाचं आहे.

घरी लक्षात येण्यासारख्या काही खुणा आहेत. खालची पापणी हलकेच ओढून आतला भाग लालसर आहे की फिकट, हे बघा. नखं आणि तळहात पांढुरके वाटतात का? दोन जिने चढल्यावर धाप लागते का? पाटीची पेन्सिल, खडू, माती, कच्चे तांदूळ खायची सवय आहे का? मुलांची असली सवय आपण हसण्यावारी नेतो, पण ती शरीरातलं लोह कमी असल्याची खूण असू शकते. खुणांवर मात्र थांबू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून मिळतं. 12 ते 14 वर्षांच्या मुलामुलींत ते 12 ग्रॅमच्या खाली नको. त्यापुढे मुलींत 12 आणि मुलांत 13.

शाळेत आठवड्याला एक लोहाची निळी गोळी मिळते, ती कितीतरी घरांत दप्तराच्या तळाशीच राहते. मुलांना मळमळतं, शौचाला काळं होतं, मग आई म्हणते, "नको घेऊस." गोळी जेवण झाल्यावर घेतली तर मळमळ बरीच कमी होते, आणि शौचाचा काळा रंग निरुपद्रवी आहे. एवढं एकदा समजावून सांगितलं तर गोळ्या पोटात जातात. शाळेत जंतनाशक दिवशी मिळणारी गोळीही चुकवू नका. पोटात जंत असतील तर ते रक्त शोषतात आणि शरीरातलं लोह कमी होत राहतं. जेवणाबरोबर चहा नको, तो लोह शरीरात शोषू देत नाही. त्याऐवजी डाळीवर, उसळीवर लिंबू पिळा. पालेभाजी, मटकी, हरभरे, खजूर, आणि खात असाल तर अंडी-मासळी-मटण, हे सगळं मदतीला येतं.

रक्तानंतर पोट. सकाळच्या शाळेचं मूल सहा-साडेसहाला चहा-बिस्किटावर बाहेर पडतं. दुपारच्या शाळेतलं मूल घरून भात खाऊन निघतं तेही अनेकदा घाईत, आईची रोजंदारीवर जायची वेळ सांभाळत. आणि वेळापत्रक बघा, खेळाचा तास बऱ्याच ठिकाणी मधल्या सुट्टीच्या अगदी आधी असतो. रिकाम्या पोटी कुणाला धावावंसं वाटेल? मुख्याध्यापकांनी या एका गोष्टीचा विचार करून तास हलवला, तर पैसा खर्च न होता फरक पडतो. जेवणानंतर लगेचच नको, तासाभराने चालेल.

शालेय पोषण आहार पहिली ते आठवीच्या मुलांना मिळतो. पहिली ते पाचवीसाठी 450 उष्मांक आणि 12 ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीसाठी 700 उष्मांक आणि 20 ग्रॅम प्रथिनं असं त्याचं माप आहे. नववीत गेलं की ताट बंद. उंची झपाट्याने वाढते, पाळी सुरू झालेली असते, भूक दुप्पट होते, नेमका तोच काळ. नववी-दहावीतल्या मुलांच्या पालकांनी आणि वर्गशिक्षकांनी ही फट ओळखायला हवी. सरावाला थांबणाऱ्या मुलाच्या डब्याबरोबर मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा, किंवा फुटाणे, किंवा एक केळं, किंवा उकडलेलं अंडं द्या. 100 ग्रॅम शेंगदाण्यांत साधारण 25 ग्रॅम प्रथिनं असतात. नाचणीच्या भाकरीइतकं कॅल्शियम तर दुसऱ्या कुठल्याच धान्यात नाही. या वयात डब्यातल्या प्रथिनांच्या पावडरीची गरज पडत नाही, आणि कुणा दुकानदाराच्या सल्ल्याने ती आणू तर नकाच.

कुस्तीच्या आणि इतर वजनी गटांच्या स्पर्धांत एक घातक प्रकार चालतो. वजन काट्यावर बसवायला पोराला दोन दिवस उपाशी ठेवतात, पाणी तोडतात, जाड कपडे घालून पळवतात. वाढत्या वयाच्या मुलाशी हे करायचं नाही, मग पदक कितीही जवळ असो. गट एक पायरी वरचा घ्या. वस्तादांना हे सांगायला पालक कचरतात, पण पोर तुमचं आहे.

काही मुलांच्या बाबतीत आड आलेली गोष्ट त्यांना स्वतःलाच ठाऊक नसते. झेल सुटतो म्हणून ज्याला सगळे हसतात, त्याच्या डोळ्यांना नंबर असू शकतो. चेंडू त्याला शेवटच्या क्षणी दिसतो. धावल्यावर खोकला येणाऱ्या, छातीत घरघरणाऱ्या मुलाला दमा असू शकतो, आणि दमा असलेलं मूल खेळू शकतं. डॉक्टरांनी दिलेला पंप मैदानावर त्याच्या खिशात किंवा सरांच्या ताब्यात हवा, घरच्या कपाटात नको. धावताना चक्कर येऊन पडणं, छातीत दुखणं, किंवा घरात कुणी तरुण वयात अचानक दगावल्याचा इतिहास, यांतलं काहीही असेल तर हृदयाची तपासणी झाल्याशिवाय स्पर्धेला उतरवू नका. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारसारख्या भागांत सिकलसेलचा विचार आधी करायला हवा. हा आजार असलेल्या मुलाला तहानलेलं ठेवून, उन्हात किंवा गारठ्यात ताणून धावायला लावलं, तर सांधे-हाडांच्या भयंकर वेदना सुरू होतात. त्याने खेळूच नये असं नाही, पण थोडं थोडं, मध्ये पाणी पीत, आणि थांबतो म्हणाला की थांबू देत. अशा मुलाला लोहाची गोळीही डॉक्टरांना विचारूनच.

यातलं बरंच काही फुकट तपासून मिळतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. सरकारी आणि अनुदानित शाळांत वर्षातून एकदा डॉक्टरांचं पथक येतं. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. आणि पथकाने दिलेल्या कार्डावर काय लिहिलं आहे ते खेळाच्या सरांपर्यंत पोहोचवा. बहुतेक शाळांत ते कार्ड कार्यालयाच्या कपाटात जातं आणि मैदानावर त्याची कुणाला खबर नसते. खाजगी शाळेतल्या पालकांनी जूनमध्ये स्वतःच्या डॉक्टरांकडून अशी तपासणी करून घ्यावी.

मुलींबद्दल वेगळं लिहायला हवं. पाचवी-सहावीपर्यंत लंगडी-खोखोत पुढे असणारी मुलगी आठवीत कडेला जाऊन बसते, हे शाळाशाळांत दिसतं. पाळी हे एक कारण, पण त्याहून मोठं कारण शाळेतलं स्वच्छतागृह. दाराला कडी नाही, नळाला पाणी नाही, म्हणून मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मग डोकं दुखतं, लघवीला जळजळ होते, आणि चारच्या सुमाराला मैदानावर उतरायची ताकद उरत नाही. मुलींचा सहभाग वाढवायचा असेल तर नव्या क्रीडासाहित्याआधी कडी, नळ आणि पॅड टाकायला झाकणाची बादली यांची सोय करा. पाळीत खेळायला वैद्यकीय हरकत काहीच नाही, पण ज्या दिवशी खूप दुखतं त्या दिवशी वर्गासमोर कारण न विचारता बसू देणं हाही मान आहे. गणवेशाचा हट्ट नको. हाफ पँट घालायला लाजणाऱ्या मुलीला ट्रॅक पँटमध्ये खेळू द्या. आईने मुलीला नीट मापाची स्पोर्ट्स ब्रा घेऊन द्यावी. कितीतरी मुली केवळ या अवघडलेपणामुळे धावणं सोडतात आणि कुणाला सांगत नाहीत.

सुरक्षिततेबाबत भीड ठेवू नका. सराव एकट्या मुलीचा, बंद खोलीत, एकट्या प्रशिक्षकाबरोबर असू नये. मुक्कामाच्या स्पर्धेला मुलींबरोबर शिक्षिका किंवा एखादी आई जायलाच हवी. मूल काही सांगू लागलं तर आधी ऐका. चाइल्डलाइनचा 1098 हा क्रमांक त्याला पाठ असू द्या.

खेड्यापाड्यांत मुलांचा सहभाग एसटीच्या वेळेवर ठरतो, हे शहरात बसून सहज सुचत नाही. शाळा पाचला सुटते, गावाकडची शेवटची गाडी सव्वापाचला. सराव साडेपाचला ठेवला की आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरची सगळी मुलं आपोआप बाद. मुलींना पास मोफत मिळतो, पण गाडीच गेली तर पासाचं काय करायचं? अशा शाळेने सराव सकाळी प्रार्थनेआधी ठेवावा. मराठवाड्यातल्या ऊसतोड कुटुंबांची मुलं दसरा-दिवाळीच्या सुमाराला आईवडिलांबरोबर कारखान्यावर जातात. हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ राहिलेलं मूल त्या महिन्यांत मनाने खचलेलं असतं. त्याला संघात एक पक्की जागा दिली, तर शाळेत टिकून राहायला कारण मिळतं.

नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये कांस्यपदक मिळवते, माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची अंतिम फेरी धावते, आणि आपण भाषणांत सांगतो की कष्टांनी त्यांना घडवलं. माझं मत वेगळं आहे. त्या कष्टांना पुरून उरल्या, हे त्यांचं मोठेपण. तेवढेच कष्ट सोसणाऱ्या आणि मैदानापर्यंत कधीच न पोहोचलेल्या मुली गावोगाव आहेत, त्यांच्यासाठी वाट सोपी करणं आपलं काम आहे.

आता शाळेच्या आतल्या गोष्टीकडे येऊ. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी शालेय स्पर्धांची शिडी आपल्याकडे चांगली रुजली आहे. 14, 17 आणि 19 वर्षांखालच्या गटांत हजारो मुलं उतरतात. पण तिची एक दुखरी बाजूही आहे. कबड्डीचा संघ 12 जणांचा, त्यातले 7 मैदानात. 400 मुलांच्या शाळेने मुलामुलींचे दोन-तीन संघ केले तरी 300 हून अधिक मुलं प्रेक्षकच राहतात. ऑगस्टपासून स्पर्धा संपेपर्यंत खेळाचे सर त्या संघांत गुंतलेले, आणि बाकीच्यांचा तास गणिताच्या सरांनी पोर्शन संपवायला मागून घेतलेला. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत मैदान आणि खेळाचं साहित्य सांगितलं आहे, सहावी ते आठवीची पटसंख्या 100 च्या वर असेल तर शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशकही. वेळापत्रकातला खेळाचा तास खेळासाठीच वापरला जावा, हे मागणं म्हणजे शाळेवर उपकार मागणं नव्हे.

तास मिळाला तरी तो कसा घेतला जातो, यावर बरंच काही अवलंबून आहे. 35 मिनिटांचा तास, 50 मुलं आणि एक चेंडू, म्हणजे आठ जणं खेळणार. तोच तास असा घेऊन बघा. पहिली पाच मिनिटं सगळ्यांनी जागच्या जागी उड्या, हात-पाय-कंबर मोकळी करणं. मग चुन्याने मैदानाचे चार भाग. एकात लंगडी, दुसऱ्यात दोरीवरच्या उड्या, तिसऱ्यात साखळीची पकडापकडी, चौथ्यात दोन विटांमध्ये चेंडू मारायचा. प्रत्येक भागात बारा-तेरा मुलं. सहा मिनिटांनी शिट्टी, गट पुढच्या भागात. बाद झालेलं मूल कडेला बसत नाही, दहा उड्या मारून परत आत येतं. कप्तानांनी एकेक नाव पुकारून संघ निवडण्याची पद्धत बंद करा, कारण शेवटी उरणारं मूल दर वेळी तेच असतं. एक-दोन, एक-दोन मोजा आणि गट पाडा. चाकाच्या खुर्चीतल्या किंवा कमी दिसणाऱ्या मुलाला गुण लिहायला बसवू नका. चेंडू मारण्याच्या भागात अंतर कमी केलं, चेंडूत घुंगरू घातलं, तर तोही खेळतो.

शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावणं ही आपल्या शाळांतली जुनी खोड. गृहपाठ नाही, मार पाच फेऱ्या. उशीर झाला, मार पाच फेऱ्या. ज्या मुलाला धावणं म्हणजे अपमान असं शिकवलं, ते पुढे आयुष्यभर धावायचं नाव काढत नाही. शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला कायद्यानेही बंदी आहे. लठ्ठ मुलांना पडणारी टोपणनावं तर याहून खोल जखम करतात. शहरांतल्या शाळांत अशी मुलं वाढत आहेत आणि त्यांनाच मैदानाची सर्वांत जास्त गरज आहे. त्यांचं वजन चारचौघांत मोजू नका, चारचौघांत बोलू नका. त्यांनी गेल्या महिन्यापेक्षा किती जास्त वेळ खेळलं तेवढंच मोजा.

घरातली दोन कारणंही बघून ठेवा. 13 ते 18 वर्षांच्या मुलाला 8 ते 10 तास झोप लागते. रात्री बारापर्यंत मोबाइल आणि सकाळी साडेपाचला क्लास, यात ती बसत नाही, आणि अपुऱ्या झोपेचं मूल लवकर दमतं, लवकर दुखापत करून घेतं. दुसरं, दहावी आली की खेळ बंद करण्याची आपली रीत. वर्षभर पूर्ण बंद करण्याऐवजी क्लासला सायकलने जाणं, संध्याकाळी अर्धा तास बॅडमिंटन, एवढं राहू द्या. खेळाच्या सवलतीच्या गुणांसाठी मात्र मुलाला नको त्या खेळात ढकलू नका.

विदर्भात, खानदेशात मार्चपासून आणि ऑक्टोबरच्या उन्हातही दुपारचा सराव टाळा. खेळायला उतरण्याआधी पाणी, मग दर पंधरा-वीस मिनिटांनी चार घोट. तासाभराहून जास्त खेळ असेल तर ओआरएस, नाहीतर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मूल अडखळू लागलं, असंबद्ध बोलू लागलं, उलटी झाली, तर सावलीत आडवं करून अंगभर पाणी ओता, वारा घाला आणि 108 ला फोन करा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

मुरगळलेल्या पायाला चोळायचं नाही, ओढायचं नाही. कापडात गुंडाळून बर्फ पंधरा मिनिटं, पाय उंच, आणि सूज किंवा वाकडेपणा असेल तर एक्स-रे. डोक्याला मार लागलेलं मूल "बरं वाटतंय" म्हणालं तरी त्या दिवशी परत मैदानात नाही. उलटी, सुस्ती, विसराळूपणा दिसला तर थेट रुग्णालय. झपाट्याने उंची वाढत असताना गुडघ्याच्या वाटीखाली दुखरा उंचवटा आला तर काही आठवडे उड्या आणि धावणं कमी करा, तोवर सायकल किंवा पोहणं चालतं.

हे सगळं एका पालकाने एकट्याने मागायला गेलं तर "तुमच्याच मुलाचं काय वेगळं?" असं ऐकावं लागतं. त्यासाठी शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. जूनच्या पहिल्याच बैठकीत चार गोष्टी इतिवृत्तात लिहून घ्या: खेळाचा तास इतर विषयाला दिला जाणार नाही, तो मधल्या सुट्टीच्या लगेच आधी नसेल, मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी आणि पाणी महिन्यातून एकदा कोण तपासणार त्या सदस्याचं नाव, आणि आरोग्य तपासणीच्या कार्डांची नोंद खेळाच्या शिक्षकांकडे राहील. पाचवी गोष्ट शिक्षकांसाठी. हजेरीच्या वहीत खेळाच्या तासाला एक वेगळा रकाना आखा आणि त्यात मूल शाळेत होतं की नाही हे न लिहिता ते खेळलं की नाही हे लिहा. दोन आठवड्यांत तीच तीच नावं रिकाम्या रकान्यात दिसू लागतील. त्यांच्याशी एकेकट्याने बोला, आणि बोलायची सुरुवात "सकाळी काय खाल्लंस?" या प्रश्नाने करा.